शेटे डॉक्टरांचा रणगाडा

शेटे डॉक्टरांच्या शोकसभेतून मी मध्येच उठून बाहेर आलो. लोकांना वाटलं, माणूस गहिवरला. गहिवरलो वगैरे काही नव्हतो, संतापलो होतो. व्यासपीठावर कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब बोलत होते. शेजारी डॉक्टरांचा फोटो, त्याला झेंडूचा जाडजूड हार, आणि बापूसाहेब सांगत होते, "आपल्या प्रांगणातील ऐतिहासिक रणगाड्याच्या जतनकार्यात डॉक्टरांचं संस्थेला मोलाचं सहकार्य लाभलं." सहकार्य! ज्या माणसाला यांनी त्याच रणगाड्यावरून खाली ओढलं, पोलिसांच्या गाडीत कोंबलं, त्याचं सहकार्य लाभलं म्हणे. फोटोतले डॉक्टर नेहमीसारखे कपाळाला आठ्या घालून बघत होते. जिवंत असते तर त्यांनी तो हार काढून बापूसाहेबांच्या अंगावर फेकला असता. ते नव्हते, म्हणून मी चप्पल शोधली, घरी आलो आणि लिहायला बसलो.

लातूरला आमची दुकानं एकाच इमारतीत. खाली माझं चष्म्यांचं, वर त्यांचा दातांचा दवाखाना. डॉक्टर मूळचे उदगीरचे, लिंगायत घरातले. कपाळावर भस्माची बोटं, गळ्यात लिंग, आणि जिभेवर जाळ. दवाखान्यात पेशंट जेवढा दाताला घाबरायचा त्याहून जास्त डॉक्टरांना. पेशंटचं तोंड उघडं असतानाच ते बोलायला सुरुवात करत, कारण तेव्हा कुणाला उलट बोलता यायचं नाही. तंबाखू खाणाऱ्याला असं काही झापत की बिचाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी दाताचं की अपमानाचं ते कळू नये. काम झालं की कानडीत एकच शब्द टाकायचे, "साकु." म्हणजे पुरे. पेशंट उठून थेट जिन्याला लागायचा. इतकं असूनही गर्दी मात्र कायम, कारण हात हलका होता. हात आणि तोंड एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसायचा नाही.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचा खरा संसार होता. तिथं ते लढाईतल्या गाड्यांच्या प्रतिकृती बनवायचे. मूळ गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या, दोन्ही तळहातांवर मावतील एवढ्या. कवळीचा गुलाबी मसाला, दातांचे साचे घ्यायचं प्लॅस्टर, दाढा कोरायची यंत्रं, सगळं तिकडे वापरलं जायचं. माझ्याकडून त्यांनी कपाळाला लावायचं एक भिंग करून घेतलं होतं. ते लावून बसले की बाहेर ठणकणाऱ्या दाढेचा पेशंट कण्हत असला तरी ऐकू जायचं नाही. एकदा एक मोठे वकील आत डोकावून म्हणाले, "वा डॉक्टर, नातवासाठी खेळणी का?" डॉक्टरांनी भिंग वर सरकवलं आणि म्हणाले, "तुमच्या बापाचा फोटो घरी भिंतीवर आहे ना? तो काय खेळायला लावलाय?" वकील पुन्हा त्या इमारतीत दिसले नाहीत. वर जाताना त्यांनी माझ्याकडे चष्मा टाकलेला होता, तोही मुलानं येऊन नेला.

त्यांचं एक तत्त्व होतं आणि त्या तत्त्वापायी त्यांनी अनेक माणसं तोडली. ते 'रणगाडा' कधी बनवायचे नाहीत. 'तो' रणगाडा बनवायचे. एका जातीच्या हजारो गाड्या कारखान्यातून निघतात, सगळ्या एकसारख्या. मग त्यातली एक कुठंतरी लढते, तिला मार बसतो, तिच्या आत माणसं बसलेली असतात, आणि तिथून ती बाकीच्यांसारखी राहत नाही. डॉक्टरांना ती एक हवी असायची. "अंगावर काय झालंय ते सांगा," हा त्यांचा पहिला प्रश्न. मग ती जीप असो, दारूगोळ्याचा ट्रक असो, नाहीतर चिखलात रुतलेल्या दुसऱ्या गाड्या ओढून काढणारा एखादं अवजड धूड असो. त्यासाठी ते निवृत्त सैनिक हुडकत फिरायचे.

असाच एक म्हातारा ड्रायव्हर नांदेडला राहतो असं कळलं, तेव्हा मला एसटीत घालून घेऊन गेले. त्याच्या पलटणीतल्या इतरांना विचारून डॉक्टरांनी त्याच्या जीपची प्रतिकृती आधीच पूर्ण केलेली होती, काचेवर गोळी लागल्याची नक्षीसुद्धा जिथल्या तिथं. म्हाताऱ्यानं डबा उघडला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "झ्याक हाय. पर डावा दिवा फुटका व्हता." डॉक्टर सरसावले. कुठल्या लढाईत फुटला, कशानं फुटला? म्हातारा लाजला. "लढाईत न्हाई हो. आधीच. एका गावात बैलगाडीला ठोकली व्हती म्या. सायबाला सांगितलं न्हाई." डॉक्टरांनी तिथंच, म्हाताऱ्याच्या ओसरीवर बसून, खिशातली अणकुचीदार सळई काढली आणि महिनाभर घासून केलेला तो दिवा फोडला. परत येताना मी म्हणालो, "राहू द्यायचा होता. कोणाला कळणार होतं?" माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ती जीप ठोकली होती. "त्याला कळत होतं ना," म्हणाले.

मातीवरूनही तेच. प्रतिकृतीखाली जमीन करायची असायची. एका शेतकरी पेशंटनं कौतुकानं पिशवीभर काळी माती आणून दिली. चांगली चाळलेली, स्वच्छ. डॉक्टर कडाडले, "पंजाबातल्या लढाईला लातूरची काळी माती? तिकडं कापूस पेरायचाय का मला?" पिशवी परत. नंतर तोच पेशंट खाली माझ्याकडे येऊन म्हणाला, "डॉक्टरचं डोस्कं ठिकाणावर न्हाई, पर दात लई भारी बसवला बगा." लातुरात डॉक्टरांबद्दल लोकांचं साधारण एवढंच मत होतं.

बापूसाहेबांशी वाकडं आलं तेही दाढेवरून. बापूसाहेब खुर्चीत आडवे होते, अर्धी दाढ कोरून झाली होती. उघड्या दारातून त्यांना मागच्या खोलीतलं कपाट दिसलं. तोंडातला कापूस गालात सरकवून ते म्हणाले, "डॉक्टर, असा एक मोठा टँक आम्हाला करून द्या. सोनेरी रंगात. साहेबांना वाढदिवसाला भेट द्यायचाय."

"कोणता टँक?"

"कोणता म्हणजे? टँक. आणि तोफेवर संस्थेचं नाव येईल असं बघा."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "साकु," म्हणाले. बापूसाहेबांना वाटलं काम झालं. "उरलेली दाढ दुसऱ्याकडून भरून घ्या," असं ऐकल्यावर त्यांना खरं काय ते कळलं. गालात कापूस तसाच ठेवून, गाल धरून जिना उतरताना मी त्यांना पाहिलं. आता या दोघांत कोण चूक, कोण बरोबर, ते मी सांगत नाही. अर्धी दाढ सोडणं काही डॉक्टरकीला शोभणारं नव्हतं. पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे लपवून काय करू?

त्या संस्थेच्या कॉलेजच्या फाटकाशी एक रणगाडा होता. विजयंता जातीचा, सैन्यानं मोडीत काढल्यावर संस्थेनं मागून आणलेला. चौथऱ्यावर ठेवलेला, फोटो काढणाऱ्यांसाठी एक लोखंडी शिडी लावलेली, आणि खाली पाटीवर फक्त 'रणगाडा'. पाटी वाचून डॉक्टरांचं डोकं फिरायचं. "माणसाच्या पुतळ्याखाली कुणी 'माणूस' लिहितं का?" पण त्या रणगाड्यात त्यांचा जीव अडकला होता, कारण वरच्या फिरत्या बुरुजाच्या उजव्या अंगाला एक घाव होता. पंजा आडवा मावेल एवढी खोबण, पोलादात बोटानं लोण्यातून ओढावी तशी. शत्रूचा गोळा येऊन घासून गेला होता. थोडा इकडे आला असता तर आरपार. म्हणजे ही गाडी लढलेली होती, आणि कुठं, कुणाला घेऊन, ते कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी चारी दिशांना चौकशा केल्या. उत्तर कुठूनही आलं नाही. मग त्यांनी ठरवलं, नाव कळेल तेव्हा कळेल, अंगावर काय आहे ते तर करू. दर रविवारी शिडी, टेप आणि मी. प्रत्येक खिळा, प्रत्येक ओरखडा मोजून घेतला. त्या खोबणीखाली पोलादावर तांबूस-पिवळे ओघळ उतरलेले होते. त्या ओघळांवर डॉक्टर वेडे झाले. हा साधा गंज नाही, म्हणायचे. गोळ्याचा धातू पोलादात शिरलाय, दोन धातूंची काहीतरी प्रक्रिया होऊन हा रंग उतरलाय. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. कितीतरी पेशंटांनी उघड्या तोंडानं हा सिद्धांत ऐकलाय. तांबडा आणि पिवळा रंग मिसळून तो ओघळ प्रतिकृतीवर जसाच्या तसा उतरवायला त्यांना कित्येक आठवडे लागले. उतरला तेव्हा पेढे वाटले. डॉक्टरांनी पेढे वाटणं ही लातूरच्या इतिहासातली घटना आहे.

त्यानंतरच्या खंडेनवमीला आम्ही सकाळीच तिथं गेलो. कॉलेजला सुट्टी, आवार मोकळं. बघतो तर शिडीवर एक म्हातारी. नऊवारी लुगडं खोचलेलं, हातात तांब्या, आणि त्या खोबणीत पाणी ओतून बोटांनी ती धुवून काढतेय. डॉक्टर लांबूनच ओरडले.

"ओ बाई! पाणी कामून ओतायलात? गंज चढंल!"

म्हातारीनं वळूनही बघितलं नाही. "चढू दे. इतक्या सालात न्हाई चढला, आजच चढतो का?"

"आणि हे काय लावायलात?"

"हळदकुकू." आता तिनं मान वळवली. "आज खंडेनवमी हाय. तुमच्यात पूजत न्हाईत का हत्यार?"

डॉक्टर खोबणीकडे बघत राहिले. ओल्या हळदकुंकवाचा एक ओघळ सावकाश खाली उतरत होता, जुन्या ओघळांच्या बरोबर वाटेनं. दोन धातूंची प्रक्रिया! मला हसू आवरेना. डॉक्टर माझ्यावर डाफरले, "हसा. हसा चष्मेवाले. पेढे खाताना बरे गप्प होता." मग स्वतःच असे हसले की शिडीचा आधार घ्यावा लागला. त्यांना पोट धरून हसताना मी तेवढंच पाहिलं.

म्हातारीचं नाव प्रयागबाई. मुखेडकडच्या एका खेड्यातली. तिचा नवरा ग्यानोबा या रणगाड्यावर तोफ डागणारा होता, बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी, पश्चिमेच्या आघाडीवर. लढाईतून धडधाकट परत आला, शेती केली, लेकरंबाळं झाली, आणि म्हातारा होऊन घरच्या खाटेवर गेला. चौथऱ्याच्या कडेला बसून तिनं सगळं सांगितलं.

"आत बसलेले व्हते. बाहेरून गोळा आला आन् घासून गेला. घंटेत बसल्यावानी झालं म्हणायचे. उजवा कान गेला तो गेलाच. मी जलमभर डाव्या अंगाला बसून बोलले." मग हात वर करून तिनं खोबण दाखवली. "ह्यो गोळा जरा इकडं आला आसता तर मी तवाच पांढऱ्या कपाळाची. लगीन होऊन सालबी झालं नव्हतं. मंग कुठली माझी लेक सुलोचना, कुठले पोरं, कुठले नातवंडं? आमचं समदं घर ह्याच्यातून निघालंय बगा."

"पण हाच तो कशावरून?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा स्वभाव कुठं जातो?

"मालक एका लग्नाला लातूरला आले व्हते, तवा दिसला. हात घालून बगितला. घरी येऊन मला म्हणले, आपला गाडा हाय. मीबी इचारलं, कशावरून? तर म्हणले, सोताची म्हैस वळखायला दाखला लागतो व्हय?"

डॉक्टरांना दाखला लागायचा. ग्यानोबानं गाडीचा नंबर बायकोकडून पाठ करून घेतला होता. ती तो अभंगासारखा म्हणून दाखवायची. डॉक्टरांनी पुढच्या बाजूचा रंगाचा थर नखानं खरवडला. एकाखाली एक तीन रंग निघाले आणि सगळ्यात खाली आकडे. तेच. डॉक्टरांनी म्हातारीच्या पायाला हात लावून नमस्कार केला आणि तिथून आम्ही तिला डॉक्टरांच्या घरी जेवायला घेऊन गेलो. जेवताना ते तिच्या डाव्या हाताला बसले होते. ती बोलताना वळून वळून त्यांच्या डाव्या कानाकडे तोंड न्यायची, इतकी वर्षांची सवय. डॉक्टरांनी शेवटी ताट उचललं आणि सरळ दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

तिला गाडीत बसवून दवाखान्यात आल्यावर त्यांनी प्रतिकृतीवरचा तो मेहनतीचा ओघळ खरवडून टाकला आणि म्हातारीनं कागदाच्या पुडीत दिलेलं हळदकुंकू पाण्यात कालवून सोडलं. पुढं दर खंडेनवमीला दवाखाना बंद. डॉक्टर स्वतः स्टँडवर जाऊन मुखेडच्या गाडीची वाट बघायचे. गाडीला उशीर झाला की कंट्रोलरशी भांडायचे.

आणि मग एके वर्षी बापूसाहेबांना सुशोभीकरण सुचलं.

मुंबईहून कोणी मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या हस्ते, त्याच खंडेनवमीला, रणगाड्याचं शस्त्रपूजन व्हायचं होतं. बायकांनी, शेतकऱ्यांनी, कारागिरांनी आपापल्या हत्याराला हळदकुंकू लावायचं, या साध्या रीतीचा यांनी मांडव घालून कार्यक्रम केला. आठवडाभर आधी रंगारी आले. रणगाडा घासला. त्याला चकचकीत हिरवा तेलरंग दिला, चाकं पांढरी केली. आणि ती खोबण पुट्टी भरून सपाट केली. कुणीतरी म्हणालं म्हणे, एवढा चांगला टँक आणि त्याला हा खड्डा कसला, पाहुण्यांच्या नजरेला येईल. अरे, तुमच्या फाटकापासून इमारतीपर्यंतच्या रस्त्याला एवढे खड्डे की रिक्षावाले आत यायला तयार होत नाहीत, पोरी गाड्यांवरून पडतात. त्यातला एक बुजवल्याचं मी आजवर पाहिलं नाही. संस्थेनं स्थापनेपासून एकच खड्डा बुजवला, तो हा!

मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. मी वर जाऊन डॉक्टरांना सांगितलं. खुर्चीत पेशंट होता. डॉक्टरांनी त्याची दाढ शांतपणे पूर्ण केली, हात धुतले आणि स्कूटर काढली. बापूसाहेबांच्या खोलीत मी त्यांच्या मागे उभा होतो. डॉक्टरांनी प्रयागबाईंचं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, हे विशेष. बापूसाहेब हसून म्हणाले, "डॉक्टर, दिवसभर लोकांच्या दातांतले खड्डे तुम्हीच बुजवता. आमचा एक बुजवला तर एवढं काय?"

"किडलेलं बुजवतात," डॉक्टर म्हणाले. "हे किडलेलं नाही. ती पुट्टी काढा. म्हातारी मुखेडहून येते. ती कुठं हात लावील?"

"येऊ द्या की. त्यांनाही प्रसाद देऊ."

बस्स. त्यांच्या लेखी तो प्रश्न प्रसादाचा होता. डॉक्टर दोनतीनदा पुन्हा गेले, मग त्यांना फाटकावरच अडवायला लागले. रंगाऱ्याला गाठलं तर तो बिचारा म्हणाला, "सायेब, मला सपाट करा म्हणले, म्या केलं." मुखेडला फोन करून बाईंना येऊ नका म्हणून सांगा, असं मी सुचवलं. डॉक्टर माझ्यावर उसळले. "का? त्यांनी भोक बुजवलं म्हणून बाईनं यायचं नाही?"

प्रयागबाई आली. कार्यक्रमाचा दिवस, मांडव, खुर्च्या, भोंग्यावर देशभक्तीची गाणी. गर्दीतून आम्ही तिला वाट काढून दिली. ती शिडी चढली, हातातला तांब्या पत्र्यावर ठेवला आणि उजवा हात बुरुजावर फिरवायला लागली. नवा रंग हाताला चिकटत होता. ती इकडून तिकडे हात फिरवत राहिली, अंधारात कडी चाचपावी तशी. मग खाली उतरली आणि डॉक्टरांना म्हणाली, "ह्यो आमचा न्हवं."

"हाच आहे बाई. यांनी बुजवलंय."

"न्हाई. आमच्याला वण व्हता." तिनं तांब्या उचलून घेतला. "आमचा कुठं नेऊन टाकला, इचारा की ह्यांला. भंगारात घातला का?" तिचा आवाज चढला नाही. एखाद्याचं घरचं माणूस दवाखान्यात सापडत नसावं तशी ती आजूबाजूच्या माणसांची तोंडं बघत होती. "जाऊ द्या. मला स्टँडवर सोडा."

त्या क्षणी डॉक्टरांचा चेहरा जसा झाला तसा मी कुणाचा पाहिलेला नाही. त्यांनी पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली. आणलीच होती. शिडी चढले, चाकांच्या पट्ट्यावरच्या पत्र्यावर पाय रोवले, बोटांनी मोजत जागा धरली आणि पहिला घाव घातला. इतक्या रविवारी टेप धरला होता, जागा चुकणार कशी? पुट्टीचा ढलपा उडाला. बँड वाजायला लागला होता, पाहुण्यांची गाडी फाटकातून आत शिरत होती. लोक ओरडायला लागले, रखवालदार धावले. डॉक्टर ओरडत होते, "हात लावू नका! आत माणूस होता याच्या! ग्यानोबा नाव त्याचं! मुखेडचा!" कुणीतरी भोंग्यावरचं गाणं मोठं केलं. चौघांनी मिळून त्यांना खाली ओढलं, चष्मा पडला, सदरा फाटला. बुरुजावर तेवढ्यात एक भोक मोकळं झालं होतं, दोन बोटं जातील एवढं.

सगळे डॉक्टरांना धरण्यात गुंतले होते. प्रयागबाई पुन्हा शिडी चढली. भोकात बोटं घातली, आत फिरवली. आणि मोठ्यानं म्हणाली, "हाय. हाय की हितंच!" डॉक्टरांनी ते ऐकलं. त्यानंतर त्यांनी झटापट सोडून दिली आणि पोलिसांच्या गाडीत आपले आपण जाऊन बसले.

मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार झाली. माफी मागितली तर मिटवू, असा निरोप आला. डॉक्टरांनी निरोप आणणाऱ्यालाच तोंड उघडायला लावून त्याच्या हिरड्या कशा सडल्यात ते सांगितलं. पण त्या दिवशीचं कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. ते लातूर-नांदेडभर फिरलं, ठिकठिकाणचे माजी सैनिक कॉलेजात येऊन जाब विचारायला लागले, आणि बापूसाहेबांना एकाएकी इतिहासाचं प्रेम फुटलं. तक्रार मागे. पुट्टी साफ. खोबणीशेजारी चकचकीत पितळी पाटी: 'युद्धातील शौर्याची साक्ष. संकल्पना व जतन' आणि खाली बापूसाहेबांचं पूर्ण नाव. ग्यानोबाचं नाव कुठंही नाही. ते घाला म्हणून डॉक्टर गेले, तर उत्तर मिळालं, लेखी पुरावा आणा. नंबर त्यांच्याच रंगाखाली आहे, खरवडून बघा म्हटलं, तर जतन केलेल्या वस्तूला आता हात लावता येत नाही म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात डॉक्टरांना आजारानं गाठलं. पोटाचं निघालं. दवाखाना कमी झाला, शरीर काठीसारखं झालं, पण तोंड तेच. खंडेनवमीला मला फोन केला, "चष्मेवाले, स्टँडवर चला." बाई आल्या. तिघं रिक्षानं कॉलेजात गेलो.

रणगाड्याभोवती पितळी खांब रोवून लाल जाड दोरी बांधलेली होती. नवीन पाटी: हात लावू नये, पूजासाहित्य वाहू नये. रखवालदार आडवा आला. ओळखत होता. मान खाली घालून म्हणाला, "डॉक्टर, वरून हुकूम हाय. हळदीनं लोखंड खराब होतं म्हणायलेत. म्या काय करू?"

"तू काही करू नकोस," डॉक्टर म्हणाले. "तिथंच उभा राहा आणि बघ."

त्यांनी दोन्ही हातांनी ती दोरी धरली आणि डोक्याच्या वर उचलली. "या बाई," म्हणाले. प्रयागबाई कमरेत वाकून खालून गेली. रखवालदार पुढे सरकला तसे डॉक्टर गरजले, "माझे हात खाली कर आधी. मग तिला अडव." तो जागेवरच थांबला. डॉक्टरांची मनगटं नुसती हाडं राहिली होती. मी दोरीला हात लावायला गेलो तर माझ्यावरच खेकसले, "व्हा बाजूला!" वर म्हातारीला कसलीच घाई नव्हती. तिनं खोबण धुतली, पदरानं कोरडी केली, हळद लावली, कुंकू लावलं, डोकं टेकलं, बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली, आणि मग एकेक पायरी जपून उतरायला लागली. ती परत येऊन खालून बाहेर निघेपर्यंत डॉक्टरांनी दोरी खाली घेतली नाही.